दगडूमामांचा आवाज

दगडूमामांना कुजबुजता येत नसे. म्हणजे अजिबातच येत नसे. काही गुपित सांगायचं असलं की ते आधी इकडंतिकडं बघायचे, कमरेत वाकायचे, तोंडाला आडवा हात लावायचे आणि मग सांगायचे; आणि ते गुपित पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांनासुद्धा कळायचं. "बाई, कुनाला सांगू नको, पन त्या टाइमकीपरचं आन् त्याच्या सासऱ्याचं लई वाकडं आलंय!" हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं तेव्हा टाइमकीपर समोरच्याच ओट्यावर बसून दाढी करत होता. बिचाऱ्याची हनुवटी कापली.

आमची वसाहत अंबड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याची. आमचे हे साखर शिजवतात त्या खात्यात होते, त्याला बॉयलिंग हाउस म्हणायचे. पत्र्याची जोडघरं, मधे एकच भिंत. या घरात फोडणी दिली की त्या घरात ठसका लागायचा. त्या घरात दगडूमामा एकटेच राहायचे. बायको वारून बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक परतूरला दिलेली. वसाहत त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले.

मामांची नोकरी ऊसयार्डात. बैलगाड्या, ट्रॅक्टर ऊस घेऊन यायचे, नंबर लावून उभे राहायचे, आणि ज्याचा नंबर आला त्याला हाक मारून आत घ्यायचं काम मामांचं. आधी तिथं म्हणे लाउडस्पीकर होता. तो बिघडला, म्हणून दुरुस्त होईतो मामांना उभं केलं. मामांनी हाका मारायला सुरुवात केली आणि त्या लाउडस्पीकरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. "ये कुंभार पिंपळगावऽऽ! पांढऱ्या बैलाची गाडीऽऽ! पुढं घे रेऽऽ!" अशी हाक आली की माझ्या फळीवरच्या कपबश्या वाजायच्या. खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एक विक्षिप्तपणा मात्र साऱ्या यार्डाला डोक्याला ताप होता. आरडाओरडा करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे मामा ढुंकून बघायचे नाहीत. आणि एखाद्या गाडीवानाला गाडीखाली झोप लागलेली असली आणि नेमका त्याचा नंबर आला, तर मामा सगळी रांग रोखून धरायचे. स्वतः जाऊन त्याला उठवायचे, त्याचे बैल जुंपू लागायचे, मागून भोंगे वाजताहेत, शिव्या येताहेत, मामा ढिम्म. "आवो मामा, सकाळपासून बोंबलून राह्यलो मी हितं!" असं कुणी म्हटलं की मामांचं ठरलेलं उत्तर: "बोंबलनाऱ्याचं भागतंच! गुमान पडलाय त्याच्याकडं कोन बघनार?"

लग्नाच्या पंगतीतही तेच. मामा बुंदीची बादली घेऊन वाढायला निघाले की "मामा, इकडं, इकडं" म्हणणाऱ्यांच्या पानावर शीतभर पडायची, आणि कोपऱ्यात खाली मान घालून बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात ढीग. त्याला मधुमेह असला तरी ढीग.

तर अशा या माणसाच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात मी जुळ्या पोरी घेऊन आले.

बाळंतपण जालन्याला माहेरी झालं. तयारी एकीची केली होती, दुसरी न सांगता आली. सासूबाई आल्या, दोन्ही दुपट्यांत डोकावल्या, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, तर "जुळं केळं खाल्लं असशील." मी खाल्लं होतं. पण सासरी आणलेल्या डझनात तेवढं एकच केळं उरलं होतं आणि ते मला सासूबाईंनीच दिलं होतं, हे बोलायची ती वेळ नव्हती.

थोरली उमा, धाकटी रमा. थोरली म्हणजे घटकाभराने थोरली. तोंडावळा एक, नाक एक, डोक्यावरचा भोवरासुद्धा एकाच जागी. फरक आवाजाचा. उमा रडायची ती कारखान्याचा भोंगा झाल्यासारखी. शिफ्ट बदलली म्हणून लोक डबे उचलायचे. रमा रडतच नसे. भूक लागली तर डोळे उघडे ठेवून पत्र्याकडे बघत पडायची. जो येई तो म्हणायचा, "ही एक गुणाची आहे हो!" मीही म्हणायचे. जुळ्यांच्या आईला एक तरी गुणाची असली की देव पावल्यासारखं वाटतं.

त्या दिवसांचं काय सांगू! एकीला पाजावं तोवर दुसरी ओली. दुसरीचं बदलावं तोवर पहिलीने ओकलेलं. दोघींना तेल, दोघींना डाळीचं पीठ, दोघींना शेक, दोघींना गुटी; सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळून माझं मनगट गेलं. आणि हंगाम ऐन भरात. धुराड्यातून बगॅसची, म्हणजे जळक्या चिपाडांची, काजळी अशी पडायची की धुतलेली पांढरी दुपटी वाळेपर्यंत काळी ठिपकेवाली व्हायची. मी पुन्हा धुवायची, काजळी पुन्हा पडायची. एकदा तर मी भाताच्या पातेल्यात बाळगुटीची वाटी उपडी केली आणि यांनी तो भात "आज काय घातलंस, छान लागतोय" म्हणून खाल्ला. डोळ्यांवर इतकी झोप की भिंतीला टेकले तरी पाठ म्हणायची, झाली रात्र?

पण लबाड तरी किती होत्या दोघी! न्हाऊमाखू घालून शेजारी शेजारी निजवल्या की उमा स्वतःचा अंगठा सोडून रमाचा अंगठा चोखायची. आणि रमा तो चोखू द्यायची, वर तिच्याकडे बघून हसायची. ते पाहिलं की दिवसभराचा शीण कुठल्या कुठे पळायचा. लगेच परत यायचा म्हणा, पण पळायचा.

मामांची आणि पोरींची पहिली गाठ माझ्या अजून लक्षात आहे. दोन साड्यांच्या दोन झोळ्या आढ्याला बांधलेल्या, दोन्हीला मिळून एक दोरी. दुपारभर ओढून ओढून दोघींचा डोळा लागला होता. मी पदर डोक्याखाली घेऊन जराशी कलंडले, तोच दारातून आवाज आला, "बाईऽऽ! लेकरं झोपले काऽऽ?"

"झोपली होती!" मी म्हटलं. पण ते त्यांना ऐकू गेलं नाही, कारण तोवर भोंगा सुरू झाला होता.

मी त्यांना असं काही फैलावर घेतलं, की वयाचा मान वगैरे काही ठेवला नाही. "मामा, तुमच्या तोंडाला काही झाकण आहे की नाही?" मामांनी दोन्ही कान धरले. दुसऱ्या दिवशी आले ते तोंडावर बोट ठेवून, चवड्यांवर चालत. आणि थेट माझ्या घंगाळात पाय घातला. मी कपाळावर हात मारला. उमा किंचाळली, आणि मामा चवड्यांवरच उभे राहून म्हणाले, "म्या काय बोललो का? बिलकुल बोललो न्हाई!"

मग मात्र त्यांचा रोजचा नेमच झाला. यार्डातली पाळी संपली की हातपाय धुऊन आमच्याकडे, झोळीची दोरी ओढायला. उमाला ते भोंगा म्हणायचे आणि रमाला गुमानबाई. वारं फिरून काजळी इकडे यायला लागली की यार्डातून हाक यायची, "बाईऽऽ, दुपटे काढऽऽ!" आणि साऱ्या वसाहतीतल्या बाया आपापले कपडे काढायला धावायच्या. तेवढा एक उपयोग होता त्या आवाजाचा.

पण इथंही तोच विक्षिप्तपणा. उमा लालबुंद होऊन रडतेय, आणि मामा शांतपणे रमाला झोळीतून काढून मांडीवर घेताहेत.

"अहो मामा, रडतेय ती ही!" मी म्हणायची.

"रडू दे. बोंबलनाऱ्याचं भागतंच. हिला पाज आधी."

"ती मागत तरी आहे का?"

"मागत न्हाई म्हनून तर."

आता सांगा, कुठल्या आईला हे परवडेल? एकदा मदतीला येऊन राहिलेल्या सासूबाईच बोलल्या. मोठ्या ठसक्यात बोलल्या, "मामा, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. जगाची रीतच आहे ती." मला वाटलं, मामा आता छप्पर उडवणार. पण मामांनी रमाला झोळीत ठेवलं, टोपी उचलली आणि गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून भांड्यांचासुद्धा आवाज आला नाही. "काय बाई लागण्यासारखं बोलले मी?" सासूबाई म्हणाल्या. मलाही कळलं नाही.

पुढं सासूबाई गावी गेल्या, आणि नेमके तेव्हाच दोन्ही पोरींना जुलाब लागले. उमाने घर डोक्यावर घेतलं. ती रडली की कुणी ना कुणी तिच्याकडे धावायचं. मी, हे, टाइमकीपरची बायको. चमचाचमचा पाणी, मऊ भाताची पेज, मांडी, खांदा. रमा नेहमीप्रमाणे पडून. दुसऱ्या दिवशी दुपारी उमा जरा सावरली, खेळू लागली. रमा झोपली होती. मी मनात म्हटलं, निजू दे गं बाई, निजेनं बरं वाटेल.

मामा पाळी संपवून आले. आज चवड्यांवर नाही, नेहमीसारखेच धाडधाड आले. "गुमानबाई कवाची झोपलीय?"

"झोपलीय बरीच वेळ. हात लावू नका, मामा. कधी नाही ते दोघी गप्प आहेत."

मामांनी ऐकलं नाही. झोळीत हात घालून तिला काढलं. तिची मान मामांच्या दंडावरून घरंगळली. डोळे अर्धवट उघडे होते आणि आत गेले होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी "रमा, रमा" म्हणून हाका मारल्या, गालावर टिचक्या मारल्या, पण तिने भुवईसुद्धा हलवली नाही.

पुढचं सगळं मामांच्या आवाजानं झालं. मामा ओट्यावर उभे राहिले आणि एकच हाक मारली: "वसंताऽऽ! पोरगी दवाखान्यात नेतोऽऽ!" बॉयलिंग हाउसच्या घरघरीत, जिथं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही तिथं, यांना ती ऐकू गेली. हे पळत निघाले, पण आम्ही थांबलो नाही. कारखान्याच्या दुकानात किराणा उतरवायला टेम्पो आला होता, मामांनी त्याला अर्ध्या पोत्यांसकट वळवला. उमाला टाइमकीपरच्या बायकोकडे टाकलं, रमाला घेऊन मी पुढे बसले, आणि मामा पायरीवर उभे, टपाला धरून.

आणि अंबडच्या रस्त्यावर ऊसच ऊस. अख्खा रस्ता गाड्यांनी आणि ट्रॉल्यांनी भरलेला. टेम्पोवाला म्हणाला, "मामा, मुंगी जायाची न्हाई हितून."

मामा खाली उतरले आणि टेम्पोपुढं पळायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून. "बाजूला घेऽऽ! बाजूला घे रेऽऽ! लेकरू हायेऽऽ!" रोज ज्या आवाजानं त्या गाड्या पुढं यायच्या, तो आवाज आज त्यांना बाजूला व्हायला सांगत होता. माणसांच्या आधी बैलांनी ऐकलं. रात्ररात्र त्या हाकेची वाट बघितलेली ती जनावरं, त्यांनी कान टवकारले आणि जू ओढून चाकं शेतात घातली. एक ट्रॅक्टरवाला, ज्याचं आणि मामांचं यार्डात रोज भांडण, त्याने आपली भरलेली ट्रॉली नाल्याच्या कडेला तिरकी लावली. मी रमाला छातीशी धरून बसले होते. तिच्या नाकापाशी सारखं बोट नेत होते. तेवढंच मला करता येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोक्याच्या शिरेत सुई लावून सलाईन चढवलं. "अंगातलं पाणी गेलंय," म्हणाले. "आणलंत ते बरं केलंत. संध्याकाळची वाट पाहिली असतीत तर..."

मागाहून पोचलेले हे औषधं आणायला गेले. बाकड्यावर मी आणि मामा. समोर थेंब थेंब पडत होता. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी काहीतरी खरखरलं. मी वळून बघितलं, तर मामा बोलत होते. आवाज पार बसला होता. दगडूमामा कुजबुजत होते.

"बाई, आमीबी जावळेच व्हतो."

मला आधी नीट कळलं नाही. जावळे म्हणजे जुळे, आमच्याकडे तसंच म्हणतात.

"माय रोजानं जायची. बाभळीला झोळी बांधायची, दोघं एकाच झोळीत. म्या लई बोंबल्या. म्या बोंबललो की माय खुरपं टाकून यायची, मला पाजायची. तो गुमान पडायचा. समद्या बाया म्हनायच्या, किती शहानं लेकरू हाये. मायबी म्हनायची." त्यांनी घशाला हात लावला. "एक दिस म्या लईच बोंबललो, तर मायनं मला पाठीला बांधलं आन् तशीच खुरपत गेली. दिस मावळता झोळीपाशी आली. तर तो तसाच पडलेला. शहान्यावानी."

मी उठून रमाच्या नाकापाशी बोट नेलं आणि परत येऊन बसले.

"त्याचं तर नावबी ठिवलं नव्हतं. मंग मायनं माझं नाव दगडू ठिवलं. दगडाला कोन न्हेतंय? मरस्तोवर म्हनायची, दगड्या, तू त्याच्या वाटचं पेलास रे. रागानं न्हाई म्हनायची. पन म्हनायची." मामा हसल्यासारखं करायला गेले. "लोक इचारतात, मामा, येवढा आवाज कुठून आनला? आता काय सांगू त्यान्ला. त्याचाबी माझ्याकडंच ऱ्हायला."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सासूबाईंची ती म्हण, ते टोपी उचलून निघून जाणं, पंगतीतल्या म्हाताऱ्याच्या पानावरचा बुंदीचा ढीग, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मला रडू कोसळलं. मामा आपल्या बसक्या आवाजात म्हणत राहिले, "रडू नको बाई, ती बघ, बोट हलवून राह्यली. बघ तरी." खरंच हलवत होती.

रमा घरी आली. मामांचा आवाज मात्र बरेच दिवस आला नाही. यार्डात गोंधळ माजला. कुणाची गाडी कुठं, कुणाचा नंबर कुणाला. लाउडस्पीकर दुरुस्त करायची भाषा सुरू झाली, तेव्हा मामा मध आणि हळद खाऊन घाईघाईनं बरे झाले. आणि मी रोज, उमा कितीही किंचाळो, पहिला घोट रमाला द्यायला लागले. उमाचं भागतंच होतं.

वर्षाच्या आत पोरींचं जावळ काढायचं ठरलं. रीत अशी की लेकरानं मामाच्या मांडीवर बसायचं आणि न्हाव्यानं पहिले केस काढायचे. माझा भाऊ एकुलता एक, जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत. तो दोघींना झबली-टोपडी घेऊन आला आणि म्हणाला, "आण, एकीमागून एक बसवतो." मी म्हटलं, "तू उमाला घे. रमाचा मामा भिंतीपलीकडे राहतो." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. दवाखान्यातलं सगळं मी त्यांना सांगितलं होतं. त्या उठल्या आणि स्वतः जाऊन मामांना हात धरून घेऊन आल्या. पाट मांडला आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली.

उमाचं जावळ म्हणजे लढाईच झाली. माझ्या भावाचा शर्ट तिने फाडला. मग रमा. मामा नवी टोपी घालून, मांडी घालून, श्वास रोखून बसलेले. न्हाव्यानं तिच्या डोक्यावर गार पाणी लावलं. तिने वर मामांकडे बघितलं. मला वाटलं, नेहमीसारखी बघत राहील. पण तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असा काही टाहो फोडला, की बाहेर ओट्यावरची माणसं आत आली.

"अगं गप, गप, माझं सोनं ते," सासूबाई पुढं झाल्या. माझा भाऊ खुळखुळा वाजवायला लागला. मी खोबऱ्याचा तुकडा घेऊन धावले.

"गप करू नका तिला!" मामा ओरडले. फळीवरच्या कपबश्या वाजल्या. "कुनी बी गप करू नका! बोंबल माझे माय, बोंबल! समद्या कारखान्याला ऐकू जाऊ दे!"

आणि तिला छातीशी धरून मामाही रडायला लागले, त्यांच्या त्या आवाजात, मोठ्यामोठ्यानं. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि दोघांचं रडून होईपर्यंत तो गुमान बसून राहिला.